विळीवर बसवलं कोणी

“ग्रहणात काय चिरलं होतंस गं?”

एसटी तुळजापूर सोडून घाट उतरत होती. शेजारच्या बाईनं मैनाच्या तोंडावरचं फडकं मला न विचारताच उचललं आणि नाव नाही, गाव नाही, थेट हेच विचारलं. पाच महिने हा प्रश्न ऐकून माझे कान किटले होते. एकदा बाजारात एकीला मी ‘सवतीचं नाक’ असं उत्तर देऊन मोकळी झाले होते. पण त्या दिवशी खिडकीपाशी सासूबाई बसल्या होत्या, म्हणून खरं तेच सांगितलं.

“वांगी.”

“बया! दिवस गेलेत म्हनून ठाऊक न्हवतं व्हय तुला?”

“ठाऊक होतं.”

“आन् तरी चिरलीस?”

बाईनं मैनाच्या ओठाकडे पुन्हा एकदा बघितलं, ‘च्‌ च्‌’ केलं आणि आपली पिशवी मांडीवर घेऊन जरा पलीकडे सरकली. मी सासूबाईंकडे पाहिलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई घाटातल्या दगडांकडे बघत होत्या. तुळजापूरला देवीच्या दिशेनं जोडलेले हात त्यांनी अजून सोडले नव्हते.

त्या वांग्यांची गोष्ट खरं तर दोन ओळींची आहे. आदल्या दिवाळीत सकाळीच ग्रहण लागलं होतं. आमच्या घरात ग्रहण सुटेपर्यंत चूल पेटवत नसत, पण निवडणं-चिरणं चालायचं. पोटुशी बाईनं मात्र विळीला, कातरीला हात लावायचा नाही, हे फार कडक. त्या दिवशी दुपारी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला यायची होती आणि भरल्या वांग्यांसाठी टोपलंभर वांगी चिरून ठेवायची होती. मला नुकतेच दिवस गेले होते. ते घरात फक्त आत्याबाईंना ठाऊक होतं, कारण तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नजर लागते, हाही आमच्याकडचा नियम. जाऊबाईंनी विळी माझ्यापुढे सरकवली. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या वाकून माझ्या कानात म्हणाल्या, “बस गुमान. उठलीस तर समद्यांला कळंल.” मी बसले. एकेका वांग्याला चार चिरा देत टोपलं संपवलं.

जूनमध्ये मैना झाली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, आणि आत टाळूही उघडी. सुईणीनं तिला कापडात गुंडाळायच्या आधीच जाऊबाईंनी बोटांवर महिने मोजले. दिवाळीत हिला दिवस गेलेले होते, हिला ते ठाऊक होतं, आणि तरी ही विळीवर बसली! घरभर झालं, गावभर झालं. आत्याबाई तिथेच पाटावर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आज नाही तर उद्या बोलतील, असं मला वाटलं. पाचवीला बोलतील, बारशाला बोलतील. एकदा तरी चारचौघांत म्हणतील की तिला मी बसवलं. त्या बोलल्या नाहीत आणि मैनाला त्यांनी हातही लावला नाही. पाळण्यापासून जायची वेळ आली की तोंड फिरवून जायच्या. मैनाचे वडील साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. घरी आले की लेकीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि जेवून निघून जायचे. त्या घरात माणसं चौदा होती, पण बोलायला मला एक मैनाच होती. तिला बोलता येत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

ती हसायची मात्र फार. फाटलेल्या ओठाचं हसू कसं असतं हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. ते इकडून तिकडे सगळ्या तोंडभर पसरतं. ते फक्त मी बघितलं होतं, कारण इतरांसमोर तिच्या तोंडावर फडकं असायचं.

सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात दर तीन महिन्यांनी पुण्याचे डॉक्टर येऊन असले ओठ शिवतात, हे मला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं. आधीच्या फेरीला वजन कमी म्हणून मैनाला परत पाठवलं होतं. तेव्हा मी एकटी गेले होते. या वेळी ऑपरेशन होणार, सोबत दुसरं माणूस पाहिजेच, असं त्यांनी बजावलं होतं. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, मैनाच्या वडिलांना सुट्टी नाही. जाऊबाईंना अचानक कंबरदुखी लागली. शेवटी आत्याबाई उठल्या, लुगड्याची घडी पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “चल, मी येती.” मला आश्चर्य वाटलं. आनंद झाला असं मात्र म्हणणार नाही.

गाडीत मैनाला भूक लागली. मी तिला उभी धरली आणि बोंडल्यानं थेंब थेंब दूध तिच्या गालाच्या आतल्या बाजूला सोडायला लागले. तिला ओढता येत नसे. आडवी धरली की दूध टाळूतून वर चढून नाकातून बाहेर यायचं. गाडीच्या हिसक्यानं तेच झालं. तिला ठसका लागला, नाकातून दूध आलं, मी पदरानं पुसलं. आत्याबाईंचा हात पुढे आला होता. मी बघितल्यावर तो त्यांनी मागे घेतला.

“पानी दिऊ का?” त्यांनी विचारलं.

“नको.”

सोलापूर येईपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं.

दवाखान्यात आमच्यासारख्याच वीसेक बाया होत्या. मला वाटलं होतं, इथे तरी आपल्या जातीची माणसं भेटतील. पण प्रत्येकीबरोबर नवरा होता, आई होती, नाहीतर भाऊ होता, आणि त्या आपापल्या माणसांशी बोलत होत्या. फडकी मात्र कोणाच्याच लेकराच्या तोंडावर नव्हती. ते बघून मीही मैनाच्या तोंडावरचं फडकं काढून पिशवीत कोंबलं. आत्याबाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसल्या.

संध्याकाळी सिस्टर सगळ्यांना सांगत फिरल्या. मैनाचा नंबर सकाळी पहिला होता. “पहाटेपासून पोटात काही जाता कामा नये. दूध नाही, पाणी नाही, काहीच नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर श्वासात जातं, आणि लेकरू हातचं जातं. कळलं का आई? कळलं का आजी?”

“कळलं,” आम्ही दोघी म्हणालो.

सकाळी मी मैनाला आत्याबाईंजवळ ठेवून नळावर तोंड धुवायला गेले. बायकांची रांग होती. परत आले तेव्हा मैना शांत होती. उपाशी लेकरू एवढं शांत कसं, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. उलट मला बरं वाटलं, कारण ती आत्याबाईंच्या मांडीवर होती. जन्मल्यापासून पहिल्यांदा. आत्याबाईंनी ती घाईघाईनं माझ्याकडे दिली आणि पदराला बोटं पुसली.

थिएटरच्या दाराशी सिस्टरनं हात पुढे केले. “काही दिलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“काय बी न्हाई,” मागून आत्याबाई म्हणाल्या.

मी मैनाला सिस्टरच्या हातात देतच होते, तेवढ्यात तिला शिंक आली. नाकपुडीतून पांढरं काहीतरी बाहेर आलं. मी बोटानं टिपलं. दूध नव्हतं ते. घट्ट होतं, आणि त्यात साखरेचा दाणा होता.

मी मागे वळून बघितलं. आत्याबाईंचा चेहरा उतरला होता. मग मला सगळं कळलं. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय आमच्या घरातून कोणी उंबरा ओलांडत नाही. माझा दीर तलाठ्याच्या परीक्षेला निघाला तेव्हा त्यांनी ठेवली होती, कोर्टाच्या तारखेला सासऱ्यांच्या हातावर ठेवली होती. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, शकुन होता. दही त्यांनी घरूनच पिशवीत घालून आणलं असणार, आणि लेकराला हातावरचं चाटता येत नाही म्हणून बोटानं तोंडात घातलं असणार.

एक क्षण मी गप्प राहिले, हे खरं आहे. आज नंबर गेला तर पुन्हा तीन महिने. तीन महिने ते घर, तो पाळणा, फडक्याखालचं ते तोंड. बोटभर दह्यानं काय होतंय, असं मनात येऊन गेलं. सिस्टर मैनाला घेऊन आत निघाली होती.

“थांबा!” मी ओरडले. “तिच्या पोटात दही आहे.”

सिस्टर परत आली. मैनाचं नाक बघितलं, माझं बोट बघितलं आणि माझ्यावर जी सुटली! “काल घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं ना? आई आहेस का वैरीण? जीवच घेतला असतास तिचा. आणि वर तोंड करून नाही म्हणतेस!”

सगळा वऱ्हांडा बघायला लागला. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मला तो क्षण चांगला ओळखीचा होता. पाच महिने मी त्याच क्षणात राहत होते.

“चुकलं, सिस्टर,” मी म्हणाले.

पुण्याचे डॉक्टर बाहेर आले. चिडले नाहीत. म्हणाले, “दुपारी सगळ्यात शेवटी घेऊ, वेळ उरला तर. तोपर्यंत पाण्याचा थेंब नाही. नाही जमलं तर पुढच्या फेरीला.”

मग सुरू झालं मैनाचं रडणं. टाळू उघडी असलेल्या लेकराचं रडणंही नाकातून येतं. ते ऐकणाऱ्याला सवय नसेल तर अंगावर काटा येतो. मी तिला घेऊन वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. आत एकेक लेकरू जात होतं आणि पट्टी लावून बाहेर येत होतं. त्यांच्या आया रडत हसत होत्या. माझे हात भरून आले.

“दे हिकडं,” आत्याबाई म्हणाल्या.

मला राग आला होता. म्हटलं, “राहू दे. दही संपलं आता.”

माझ्या तोंडून तसं निघून गेलं. आत्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्या वळल्या आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालायला लागल्या. ही बाई आता तिथे भांडणार आणि उरलासुरला नंबरही घालवणार, या भीतीनं मी मैनाला घेऊन मागे धावले. दाराला पडदा होता. आत डॉक्टर डबा खात बसले होते.

“सायेब, दही म्या दिलं,” आत्याबाई म्हणाल्या. “त्या पोरीला न्हवतं ठाऊक. तिला बोलनं बसलं फुकट.”

“बरं आजी. झालं ते झालं. दुपारी बघू.”

“आजून एक हाय.”

डॉक्टरांनी घास खाली ठेवला असावा. आत्याबाईंनी मग सगळं सांगितलं. ग्रहण, पाहुणे, टोपलंभर वांगी, जाऊबाई, तीन महिन्यांचा नियम. “ती माझ्याकडं बघत व्हती, सायेब. तिला उठायचं व्हतं. म्या बसवली. लेकराचा वट म्या फाडला. त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला. पाच म्हैनं झालं, घास ग्वाड लागत न्हाई.” आणि त्या रडायला लागल्या.

मी पडद्याबाहेर उभी होते. एवढे दिवस मला वाटत होतं, ह्यांना लेकराची किळस येते.

डॉक्टर म्हणाले, “आजी, ग्रहणानं ओठ फाटत नाही. विळीनं तर नाहीच नाही. ग्रहण नसतं, वांगी नसती, तरी हे झालं असतं. पोटात ओठ जुळायचे असतात, कधी जुळत नाहीत. कोणाचा दोष नाही त्यात.”

“खरं सांगताव?”

“खरं.”

“लेकराची आन घ्या तुमच्या.”

डॉक्टर हसले. “घेतली. माझ्या दोन्ही लेकरांची.”

आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा मी तिथेच होते. लपायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यांनी डोळे पुसले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “ऐकलंस न्हवं? कुनाचाच दोष न्हाई म्हनं.”

“ऐकलं. हे घरी सांगाल?”

“सांगू की. काहून न्हाई सांगायचं?”

त्यांनी माझ्याकडून मैनाला घेतलं आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मैनाचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. त्या तिला खांद्यावर टाकून फिरायला लागल्या, ‘माझी बाय, माझी बाय’ म्हणत. मी भिंतीला टेकून बसले. कित्येक महिन्यांत माझे हात एवढे रिकामे झाले नव्हते.

वेळ उरला. उन्हं कलताना सिस्टरनं नाव पुकारलं आणि मैनाला आत नेलं. आम्ही दोघी दाराबाहेर बसलो. आत्याबाई देवीला नवस बोलत होत्या. मैना वाचली पाहिजे आणि हे घरी सांगितलं पाहिजे, या दोन गोष्टी माझ्या मनात आळीपाळीनं येत होत्या.

तिला बाहेर आणलं तेव्हा मी ओळखलं नाही. ओठ जुळला होता, वर टाक्यांची काळी रेघ, सगळं तोंड सुजलेलं. टाक्यांना हात लावू नये म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधले होते. सगळ्या बाया म्हणाल्या, किती छान झालं. छानच झालं होतं. पण तिचं ते तोंडभर पसरणारं हसू, जे फक्त माझं होतं, त्यात शिवलं गेलं होतं, आणि ते आता मला कधी दिसणार नव्हतं. याचं दुःख होईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण! आत्याबाई मात्र हरखून गेल्या होत्या. टाळूचं ऑपरेशन वर्षभरानं करायचं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर म्हणाल्या, “मीच घिऊन येती. तू घरी ऱ्हा.”

टाके काढून आम्ही परतलो. एसटीत मैनाच्या तोंडावर फडकं नव्हतं आणि ती आत्याबाईंच्या मांडीवर होती. बोंडल्यानं कसं पाजायचं हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं. तिला उभी धरून, गालाच्या आतल्या बाजूला. त्यांच्या हातून ती माझ्यापेक्षा जास्त पीत होती. मला हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

घरी पोचलो तर अंगण बायकांनी भरलं. सोलापूरला जाऊन ओठ शिवून आणला, हे बघायला सगळी गल्ली लोटली होती. आत्याबाई मैनाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या आणि येईल तिला दाखवायला लागल्या. “बगा, कशी दिसती माझी नात. हाय का कुनाची आशी?” मैनाचे वडील कारखान्यावरून सुट्टी काढून आले होते. तेही पहिल्यांदा लेकीजवळ बसले. तिच्या गालाला बोट लावून बघितलं.

मी खांबाला टेकून उभी होते. आता सांगतील, मला वाटत होतं. एवढी माणसं जमली आहेत, सगळी खुशीत आहेत, यापेक्षा चांगली वेळ कुठली.

जाऊबाई वाकून टाक्यांची खूण बघत म्हणाल्या, “डाक्टर गुनाचा म्हनून निभावलं. न्हाईतर पोरीचा जल्म वाया गेला व्हता.” मग माझ्याकडे वळल्या. “आता सांग बाई. दिवस गेल्यालं ठाऊक असून इळीवर बसायला तुला सांगितलं कुनी व्हतं?”

बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. ती सवयीची थट्टा झाली होती.

आत्याबाईंचं मैनाला खेळवणं थांबलं. त्यांनी वर बघितलं, आधी जाऊबाईंकडे, मग आपल्या मुलाकडे, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड उघडलं. मी वाट बघितली. चौदा माणसांच्या घरात ज्यांच्या शब्दापुढे कोणी जात नव्हतं, त्या बाईच्या डोळ्यांत मी तेव्हा भीती बघितली. तोंड पुन्हा मिटलं. मैनाच्या पाठीवरचा त्यांचा हात सैल पडला होता आणि मैना त्यांच्या मांडीवरून घसरत होती.

डॉक्टरांनी त्यांना मोकळं केलं होतं. कुनाचाच दोष न्हाई, मग चारचौघांत सांगायचं तरी काय, असं त्यांना वाटलं असेल. मी सांगू शकत होते. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती वाक्यं बोलले असते, तर दुसऱ्या दिवसापासून त्या बाईनं मैनाच्या पाळण्यावरून पुन्हा तोंड फिरवलं असतं, आणि आता त्याचं कारण मला ठाऊक होतं.

“कोण सांगणार!” मी म्हणाले. “माझी मीच बसले.”

“बगा म्हंजे,” जाऊबाई म्हणाल्या. बायकांनी माना डोलावल्या.

आत्याबाईंनी मैनाला वर ओढून छातीशी घट्ट धरलं. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. कोणीतरी चहाचं काढलं. मी आत गेले, चूल पेटवली, पातेल्यात पाणी घातलं. बाहेर सगळे मैनाला हसवायचा प्रयत्न करत होते, आणि ती हसली असावी, कारण एकदम गलका झाला. मी ते बघायला गेले नाही. धूर झाला नव्हता तरी मी पदर डोळ्यांना लावला आणि पाण्याला उकळी येईपर्यंत एकटीच रडून घेतलं.